गोळी सोसत नसेल तर सांगा, गुपचूप बंद करू नका

विचारलेला प्रश्न असा: "माझं वय २७. नागपुरात मानेवाड्याला राहते. मुलगी दीड वर्षाची आहे, अंगावरचं दूध सुटलंय. दोन महिन्यांपूर्वी औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून सुरू केल्या. तेव्हापासून सकाळी मळमळतं, छाती भरल्यासारखी दुखते, पाळी नसताना मधेच डाग लागतात, वजन दीड किलोने वाढलं, चिडचिड होते. डोकंही अधूनमधून दुखतं. सासूबाई म्हणतात गोळ्या गरम पडल्या. मैत्रीण म्हणते पुढे दिवस राहायला त्रास होतो. अर्धं पाकीट शिल्लक आहे. बंद करू की चालू ठेवू?"

थेट उत्तर आधी देते. मळमळ, छाती (म्हणजे स्तन) जड होणं, डाग आणि चिडचिड यांच्यासाठी पाकीट मधेच टाकून द्यायची गरज नाही. डोकेदुखीबद्दल मात्र मला काही विचारायचं आहे. त्यातल्या एकाचं जरी उत्तर "हो" आलं, तर आजपासूनच गोळी थांबवायची. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर काही होतं का? चमकत्या नागमोडी रेषा दिसणं, नजरेतला एखादा तुकडा काही मिनिटं गायब झाल्यासारखा वाटणं, बोटांपासून सुरू होऊन हातभर चढत जाणाऱ्या मुंग्या, तोंडाशी आलेला शब्द न सापडणं? हे साधारण पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत चालतं आणि मग एका बाजूचं डोकं ठणकायला लागतं. या आधीच्या लक्षणांना ऑरा म्हणतात. ऑरासह अर्धशिशी असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेन (बहुतेक गर्भनिरोधक गोळ्यांत असतं ते स्त्री-हार्मोन) असलेली गोळी कोणत्याही वयात देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचे निकष स्पष्ट सांगतात, कारण मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात होण्याचा धोका वाढतो. दुसरा प्रश्न: ही डोकेदुखी आयुष्यात पहिल्यांदाच, गोळी सुरू केल्यावरच आली आहे आणि दिवसेंदिवस वाढत चालली आहे का? आणि तिसरा: बीपी वाढलेलं आहे का, ते शेवटचं कधी मोजलं?

या तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक जणी गप्प होतात. दुकानातून पाकीट मिळतं, पण काउंटरवर कुणी बीपी मोजत नाही. इस्ट्रोजेनमुळे यकृतात काही प्रथिनं जास्त बनतात. त्यातलं एक रक्तदाब वाढवणाऱ्या साखळीतलं असतं. बहुतेकींचा दाब दोन-चार अंकांनीच हलतो, पण काहींचा खरोखर चढतो आणि पुष्कळदा त्याची कसलीही खूण नसते. दाब १४० वर ९० किंवा त्याहून जास्त निघाला तर ही गोळी सहसा देत नाहीत. १६० वर १०० च्या पुढे तर नाहीच नाही. मानेवाड्याजवळ मनपाचा दवाखाना असेल तिथे किंवा कुठल्याही फॅमिली डॉक्टरकडे उद्या जाऊन बीपी मोजून घ्या. गोळी सुरू करण्याआधी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा, एवढं तर प्रत्येकीनं करायलाच हवं.

डोकेदुखीचा आणखी एक प्रकार निरुपद्रवी असतो. सरकारी माला-एनसारख्या २८ गोळ्यांच्या पाकिटात शेवटच्या सात गोळ्या लोहाच्या असतात, त्यांत हार्मोन नसतं. त्या आठवड्यातच डोकं दुखत असेल तर ते इस्ट्रोजेन अचानक कमी झाल्यामुळे. अशा वेळी लोहाच्या गोळ्या वगळून दोन-तीन पाकिटं सलग घ्यायला सांगितलं की ही डोकेदुखी पुष्कळदा थांबते. पण हे डॉक्टरांशी बोलून, आणि ऑरा नाही याची खात्री झाल्यावरच.

आता रक्ताच्या गुठळीबद्दल. गोळ्यांचा सगळ्यात गंभीर धोका हाच, आणि याबद्दल एक तर कुणी काहीच सांगत नाही, नाहीतर कुणी इतकं घाबरवतं की बाई पुन्हा गोळीचं नाव काढत नाही. म्हणून आकडेच सांगते. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं २०१३ साली घेतलेल्या आढाव्यानुसार, गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या दर १०,००० स्त्रियांमध्ये वर्षाला सुमारे २ जणींना शिरेत गुठळी होते. गोळीत इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टिन या प्रकारचं दुसरं हार्मोन असतं, आणि धोका ते कोणतं यावर ठरतो. लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी घेणाऱ्यांत हा आकडा ५ ते ७, आणि डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रोस्पिरेनोनच्या गोळ्या घेणाऱ्यांत ९ ते १२. गरोदरपणात आणि विशेषतः बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हा धोका याहून खूप जास्त असतो. म्हणजे धोका खरा आहे, पण दुर्मीळ आहे. सरकारी माला-एन ही लेव्होनॉरजेस्ट्रेलचीच गोळी, ०.१५ मिलिग्रॅम, सोबत इथिनिल इस्ट्राडिऑल ०.०३ मिलिग्रॅम. फुकट मिळते म्हणून ती हलकी, हा समज कित्येकींचा आहे. गुठळीच्या दृष्टीनं पाहिलं तर हीच जुनी गोळी कित्येक महागड्या पाकिटांपेक्षा सुरक्षित आहे. पहिल्यांदा सुरू करणारीला काही वेगळं कारण नसेल तर मी तिच्यापासूनच सुरुवात करते.

गुठळीचा धोका सगळ्यात जास्त पहिल्या वर्षात असतो, त्यातही पहिल्या काही महिन्यांत. आणि महिना-दोन महिने गोळी सोडून पुन्हा सुरू केली की तो परत वाढतो. "शरीराला आराम म्हणून मधे दोन महिने गॅप द्यायचा" हा सल्ला नागपुरात घरोघरी दिला जातो. त्यानं शरीराला कसलाच आराम मिळत नाही. गुठळीचा सुरुवातीचा काळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि त्याच गॅपमध्ये नको असताना दिवस राहतात. पाळी चुकल्यावर माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी गोळी निकामी झाली म्हणून आलेल्या नसतात. त्यांना कुणीतरी गॅप घ्यायला सांगितलेलं असतं.

या खुणा दिसल्या तर गोळी त्याच क्षणी बंद करायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा: एकाच पायाची पोटरी सुजणं, गरम लागणं आणि दुखणं, छातीत (स्तनांत नव्हे, आत) दुखणं, अचानक धाप लागणं, खोकल्यातून रक्त, कधी नव्हे अशी भयंकर डोकेदुखी, अचानक अंधुक किंवा दोन-दोन दिसणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, पोटात असह्य कळ, डोळे पिवळे होणं. धाप, छाती किंवा हातापायाचं काही असेल तर रिक्षा शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.

आणि तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हे बोला: मी गर्भनिरोधक गोळ्या घेते. कळकळीनं सांगते, कारण इथेच गाडी अडते. अपघात विभागात बाजूला सासू, दीर, नणंद उभे असतात. गोळ्यांचं घरात कुणाला माहीत नसतं. डॉक्टर विचारतात, "काही औषध सुरू आहे का?" आणि ती मान हलवून "नाही" म्हणते. सत्तावीस वर्षांच्या मुलीला धाप लागली तर समोरच्याच्या मनात आधी दमा येतो, घाबरल्यामुळे झालं असेल असं येतं. गोळी घेते हे कळलं तर गुठळीचा विचार लगेच होतो. सगळ्यांसमोर बोलता येत नसेल तर सिस्टरला जवळ बोलवून कानात सांगा, चिठ्ठीवर लिहून द्या, मोबाइलमधला पाकिटाचा फोटो दाखवा. पण सांगा.

इथवरच्या प्रश्नांना तुमची उत्तरं "नाही" असतील आणि बीपी बरोबर असेल, तर आता राहिलेल्या त्रासांकडे वळू.

मळमळ इस्ट्रोजेनमुळे होते. तुम्ही गोळी कधी घेता ते लिहिलं नाही, पण सकाळी मळमळतं म्हणता म्हणजे बहुधा उपाशीपोटी, चहाबरोबर घेत असाल. ती रात्रीच्या जेवणानंतर, झोपायच्या आधी घ्या. मळमळीचा जोर झोपेत निघून जातो. एवढ्यानं बहुतेकींचं भागतं. गोळी घेतल्यापासून दोन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी गोळी घ्यायची. आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे गेला की घरोघरी हगवण-उलट्या सुरू होतात. अशी जोरदार हगवण किंवा उलटी २४ तासांहून जास्त चालली तर त्या दिवसांच्या गोळ्या पोटात गेल्याच नाहीत असं धरा. गोळ्या चालू ठेवा, पण बरं वाटल्यावर पुढचे सात दिवस निरोध वापरा. आणि उन्हाळ्यात पाकीट स्कूटीच्या डिक्कीत ठेवू नका. गोळ्या ३० अंशांखाली ठेवायच्या असतात, डिक्की तर भट्टी असते.

छाती जड होणं, दुखणं हे हार्मोनमुळे पाणी धरून ठेवल्यानं आणि ऊतींवरच्या परिणामानं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या पाकिटापर्यंत ओसरतं. नीट मापाची ब्रा वापरा, खूप दुखलं तर साधी पॅरासिटामॉल चालेल. हाताला गाठ लागली तर मात्र गोळीला दोष देत घरी बसू नका, तपासून घ्या.

मधेच लागणाऱ्या डागांवर थोडं जास्त बोलते, कारण सगळ्यात जास्त बायका याच कारणानं गोळी सोडतात. नेहमी गर्भाशयाचं अस्तर महिनाभर जाड होत जातं आणि पाळीत बाहेर पडतं. गोळीतल्या प्रोजेस्टिनमुळे ते पातळ राहतं. पण जाड अस्तराचं पातळ अस्तर होईपर्यंत दोन-तीन महिने जातात, आणि त्या काळात त्यातल्या बारीक केशवाहिन्या नाजूक असतात, कुठेही फुटतात. ते डाग म्हणजे एवढंच. रक्त बिघडलं किंवा आत जखम झाली असा त्याचा अर्थ नाही. यात सगळ्यात मोठा हात वेळा चुकण्याचा असतो. आज रात्री नऊला, उद्या बाराला, परवा विसरून तिसऱ्या दिवशी दोन, असं झालं की अस्तर लगेच ओघळतं. मोबाइलवर गजर लावा. तरीही तीन पाकिटांनंतर डाग लागत राहिले तर पुढचं पाहायचं. इस्ट्रोजेन २० मायक्रोग्रॅमचं असेल तर ३० ची गोळी दिली की पुष्कळदा थांबतं. त्याआधी लघवीची गर्भचाचणी, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी, आणि संबंधांनंतरच डाग लागतात का हा प्रश्न. संबंधांनंतर लागत असतील तर तीन महिने वाट पाहू नका, लगेच या.

गोळी विसरली तर काय करायचं हे पाकिटातल्या कागदावर असतं, पण तो कागद कुणी वाचत नाही. एक गोळी चुकली तर आठवेल तेव्हा ती घ्यायची, पुढची नेहमीच्या वेळी, मग एकाच दिवशी दोन झाल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त चुकल्या तर शेवटची चुकलेली घ्यायची, आधीच्या सोडून द्यायच्या, रोजच्या चालू ठेवायच्या आणि सात दिवस निरोध वापरायचा. हार्मोनच्या शेवटच्या आठवड्यात चुकल्या असतील तर लोहाच्या गोळ्या न घेता थेट नवं पाकीट सुरू करायचं. पहिल्या आठवड्यात चुकल्या आणि संबंध आला असेल तर ७२ तासांच्या आत आपत्कालीन गोळीबद्दल विचारा.

इथे अजून एक गोंधळ होतो. २८ गोळ्यांचं पाकीट संपलं की दुसऱ्याच दिवशी नवं सुरू करायचं असतं. २१ गोळ्यांचं पाकीट संपलं की सात दिवस थांबून नवं. २८ च्या पाकिटातल्या लोहाच्या गोळ्या घेऊन वर पुन्हा सात दिवस थांबणाऱ्या बायका मी नेहमी पाहते. त्यांची चौदा दिवसांची उघडी खिडकी होते. तुमच्या पाकिटात किती गोळ्या आहेत ते आत्ता मोजून बघा. लोहाच्या गोळ्यांनी संडास काळी होते, घाबरू नका. त्या चहासोबत मात्र घेऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही.

वजन. गोळ्यांवर आणि गोळ्यांशिवाय राहिलेल्या स्त्रियांची तुलना करणारे जे अभ्यास झाले, त्यांत गोळीमुळे वजन मोठ्या प्रमाणात वाढतं असं दिसलेलं नाही. पहिल्या महिन्यांत पाणी साठून किलो-दीड किलो वाढू शकतं, तेवढं तुमचं झालेलं दिसतं. बाळंतपणानंतर दूध तुटण्याचा काळही याच सुमारास येतो, आणि दूध सुटल्यावरही आहार तेवढाच राहतो, हेही लक्षात घ्या. पुढच्या दोन महिन्यांत ते वाढतच गेलं तर थायरॉइड तपासू.

चिडचिडीला मी कमी लेखत नाही. डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून जास्त स्त्रियांच्या नोंदी तपासून २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांना नैराश्याची औषधं लागण्याचं प्रमाण थोडं जास्त आढळलं, आणि किशोरवयीन मुलींत ते अधिक ठळक होतं. गोळीनंच झालं असं यावरून सिद्ध होत नाही, पण "तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं म्हणायला मुळीच जागा राहत नाही. दीड वर्षाची मुलगी, अपुरी झोप, घरकाम, यातून येणारी चिडचिड आणि गोळी सुरू केल्यापासून आलेली चिडचिड यांतला फरक तुम्हालाच सांगता येईल. रोज रात्री गोळी घेताना कॅलेंडरवर त्या दिवसाच्या मनाला दहापैकी गुण लिहा. महिनाभरात चित्र दिसतं. रडू थांबत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगू नये असं वाटत असेल तर तीन महिने थांबून बघायचा नियम तुमच्यासाठी नाही. त्याच दिवशी सांगा, ती गोळी आपण बदलू आणि मनाच्या डॉक्टरांनाही दाखवू. संबंधांची इच्छा कमी होणं हेही काहींना होतं. गोळीमुळे रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी होतं हे त्याचं एक कारण. नवऱ्याला वाटतं बायको दूर जातेय, बायकोला वाटतं आपलंच काही बिनसलं. हे डॉक्टरला सांगण्यासारखंच लक्षण आहे, लाज कसली?

तुम्ही वांगाचं लिहिलेलं नाही, पण इथल्या उन्हात त्याबद्दल सांगायलाच हवं. गरोदरपणात कपाळावर, गालांवर वांग आला असेल तर गोळीनं तो परत येऊ शकतो, आणि उन्हानं गडद होतो. चेहऱ्यावर ओढणी बांधून गाडी चालवायची आपल्या मुलींची सवय चांगलीच आहे, पण नुसत्या पातळ ओढणीतून ऊन जातं, सनस्क्रीन लावाच. वांग वाढतच असेल तर इस्ट्रोजेन नसलेला उपाय शोधू. हे डाग गोळी बंद केल्यावरही पटकन जात नाहीत.

सासूबाईंच्या "गरम पडतात" या म्हणण्याला मी उडवून लावणार नाही. गोळ्या नव्यानं आल्या तेव्हा त्यांत इस्ट्रोजेनचं प्रमाण आजच्यापेक्षा बरंच जास्त असायचं. १९६० साली अमेरिकेत मंजूर झालेल्या पहिल्या गोळीत मेस्ट्रॅनॉल नावाचं इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम होतं. आजच्या गोळ्यांत ३० किंवा २० असतं. त्या काळच्या बायकांना मळमळ, डोकेदुखी, सूज जास्त व्हायची आणि त्या अनुभवाला त्यांनी गरम हे नाव दिलं. सासूबाईंना हे शांतपणे सांगितलं तर पटतं, असा माझा अनुभव आहे. मात्र गोळी गरम म्हणून सोबत सब्जा किंवा ताक वाढवायचं असेल तर खुशाल वाढवा, गोळीच्या कामात त्यानं काही बिघडत नाही.

मैत्रिणीची भीती. गोळी बंद केल्यावर बहुतेकींची बीजनिर्मिती एक ते तीन महिन्यांत परत सुरू होते आणि वर्षभरात दिवस राहण्याचं प्रमाण इतर स्त्रियांइतकंच असतं. उशीर होतो तो तीन महिन्यांच्या इंजेक्शननंतर, म्हणजे सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या 'अंतरा' नावाच्या इंजेक्शननंतर. तिथे शेवटच्या सुईनंतर दिवस राहायला सरासरी सात ते दहा महिने लागू शकतात. दोन्ही गोष्टी एकत्र होऊन ही भीती पसरली असावी. दुसरं असं की पाळी अनियमित असलेल्या मुलींना पीसीओएस या हार्मोनच्या बिघाडासाठी या गोळ्या दिल्या जातात, गोळी थांबली की मूळची अनियमितता परत दिसते, आणि दोष गोळीला लागतो.

कर्करोगाचंही विचारतात. अंडाशयाचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग गोळ्या घेणाऱ्यांत कमी होतो आणि हे संरक्षण बंद केल्यावरही अनेक वर्षं टिकतं. स्तनाच्या कर्करोगाचा धोका गोळी सुरू असताना किंचित वाढतो. डेन्मार्कच्याच २०१७ च्या अभ्यासात वर्षाला दर १,००,००० स्त्रियांमागे सुमारे १३ जादा रुग्ण आढळले, आणि तरुण वयात हा आकडा आणखी कमी. गर्भाशयमुखाचा धोका पाच वर्षांहून जास्त घेतल्यास थोडा वाढतो, म्हणून वयाप्रमाणे तपासणी चुकवू नका.

दुसरी औषधं सुरू असतील तर ती सांगा. क्षयरोगाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन गोळीचा परिणाम घालवतं, आणि ते बंद केल्यावरही चार आठवडे हा परिणाम राहतो. फिटसाठीची कार्बामाझेपिन, फेनिटोइन ही औषधंही तेच करतात. लॅमोट्रिजिनचं उलट आहे: गोळीमुळे त्याचीच रक्तातली पातळी घटते आणि फिट येऊ शकते. सर्दी-तापासाठी मिळणाऱ्या अमॉक्सिसिलिनसारख्या अँटिबायोटिकनं मात्र गोळी निकामी होत नाही.

विदर्भात एक प्रश्न मी प्रत्येकीला विचारते: घरात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे का? फक्त वाहक असलेल्या मुलीची आणि प्रत्यक्ष आजार असलेल्या मुलीची गोष्ट वेगळी आहे. आजार असेल तर रक्तात गुठळीची प्रवृत्ती आधीच असते, तिला इस्ट्रोजेनची गोळी मी देत नाही. तीन महिन्यांचं इंजेक्शन किंवा फक्त प्रोजेस्टिनची गोळी तिला जास्त योग्य, इंजेक्शननं तर वेदनेचे झटके कमी झाल्याचंही आढळलं आहे. तपासणी झालेली नसेल तर ती आधी करून घ्या.

आणि महालक्ष्म्यांच्या आधी पाळी पुढे ढकलण्यासाठी दुकानातून नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या आणून खाण्याबद्दल. त्या गोळ्या दिवसाला तीन अशा डोसमध्ये घेतल्या की शरीरात त्यांतल्या थोड्या भागाचं इस्ट्रोजेनमध्येच रूपांतर होतं. म्हणून ऑरावाली अर्धशिशी, पूर्वी झालेली गुठळी, यकृताचा आजार असलेल्यांनी त्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. गर्भनिरोध म्हणून तर त्यांच्या भरवशावर राहूच नका. तुम्ही आधीच गर्भनिरोधक गोळीवर असाल तर त्यांची गरजच नाही. लोहाच्या गोळ्या सोडून पुढच्या पाकिटातल्या हार्मोनच्या गोळ्या सणापर्यंत चालू ठेवायच्या, पाळी पुढे जाते. रात्रभर ट्रॅव्हल्सनं पुण्याला जाणार असाल तर गुठळी टाळायला वाटेत गाडी थांबेल तिथे उतरा, चाला, पाणी प्या. मोठं ऑपरेशन ठरलं असेल तर त्याच कारणानं सर्जनला चार आठवडे आधी गोळीचं सांगा.

गोळी सोसलीच नाही तर पुढे काय? फक्त प्रोजेस्टिनची रोजची गोळी असते, तिच्यात इस्ट्रोजेन नाही, पण पाळी अनियमित होऊ शकते. छाया ही हार्मोन नसलेली गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं शोधलेली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. मळमळ, वजन यांचा प्रश्न येत नाही, पाळी मात्र लांबू शकते. पीसीओएस किंवा नुकतीच कावीळ झाली असेल तर ती नको. कॉपर-टी ३८० ए दहा वर्षं चालते आणि तिच्यात हार्मोन नाही, मात्र पाळीत रक्तस्राव वाढू शकतो. माला-एन, छाया, अंतरा आणि कॉपर-टी हे सगळं नागपूरच्या डागा, मेयो, मेडिकल या सरकारी रुग्णालयांत आणि मनपाच्या आरोग्य केंद्रांत मोफत आहे.

तुमच्यासाठी आता नेमकं: उद्या बीपी मोजा. ऑरा नसेल, दाब बरोबर असेल, वर सांगितलेल्या पोटरी, छातीतलं दुखणं, डोळे या खुणांपैकी काही नसेल, तर हेच पाकीट आणि पुढचं एक पूर्ण करा, रात्री जेवणानंतर, ठरलेल्या वेळी. तिसरं पाकीट संपायच्या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. जाताना पाकीट, मनाचे गुण लिहिलेलं कॅलेंडर आणि डोकं दुखलेल्या दिवसांच्या तारखा सोबत न्या. दाब चढलेला निघाला किंवा ऑरा असेल तर तिथेच गोळी थांबवा, त्याच दिवसापासून निरोध वापरा आणि चार दिवसांत दुसरी पद्धत ठरवायला या. नवऱ्यालाही सोबत आणा, निरोध त्यालाच वापरायचा आहे.